मामंजी भर उन्हात वावरात थांबतात, घर टिनाचं, दवाखाना 22 किलोमीटर. उन्हाळा कसा काढायचा?

घाटंजीकडची सून

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या पुढे आमचं गाव आहे. सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. घरात मामंजी, सासूबाई, आम्ही दोघं आणि पावणेदोन वर्षांची मुलगी.

मामंजी 69 वर्षांचे. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी जास्त होण्याची आहे. सध्या वखरणी सुरू आहे. पहाटे बैलजोडी घेऊन जातात. अकराला बैल सोडतात, निंबाखाली बांधतात, हौदावर पाणी पाजतात, कुटार टाकतात. आणि स्वतः मात्र धुऱ्यावरचा काडीकचरा वेचत, पऱ्हाट्यांचे ढीग लावत एक-दीडपर्यंत तिथेच. पाण्याची कॅन नेतात, ती अर्धी भरलेली परत येते. काही म्हटलं की एकच उत्तर: "नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तापला नाही तर पाणी कुठून येईल? हे ऊन मला नवीन आहे का?" मी सून, किती बोलणार? यांचंही ऐकत नाहीत.

घराच्या भिंती विटांच्या, वर टिन. दुपारी लाईन जाते ती कधी कधी चारलाच येते. तोवर आत बसवत नाही. लेकीच्या अंगावर घामोळं उठलंय, ती किरकिर करते.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू लग्नाहून उघड्या टेम्पोतून भर दुपारी परतल्या. संध्याकाळी उलट्या झाल्या, मग काहीबाही बोलायला लागल्या, स्वतःच्या लेकाला ओळखेनात. अंगणात सगळी गल्ली जमली. कुणी तळपायाला कांदा चोळतंय, कुणी तापाची गोळी विरघळवून तोंडात घालतंय, कुणी गाडी शोधतंय. त्या वाचल्या, पण त्या गर्दीत नेमकं काय करायचं हे एकालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. उद्या मामंजींना वावरात असं झालं तर?

"भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका" हे मोबाईलवर रोज येतं. ज्यांचं पोटच उन्हात आहे त्यांनी काय करायचं ते सांगा. ऊन लागलंय हे वेळेवर कसं ओळखायचं? गाडी येईपर्यंत काय करायचं? बीपीच्या गोळ्यांचं काय? आणि टिनाच्या घराचं काही होऊ शकतं का?


उपकेंद्रातली सिस्टर

ताई, चंद्रपूर जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. मे 2019 च्या शेवटी चंद्रपूरचा पारा 48 च्या घरात होता तेव्हाही कामावर होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि जे सगळ्यात महत्त्वाचं ते आधी.

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, झटका आला किंवा हाक मारूनही डोळे उघडेना, तर तो उष्माघात धरायचा. थर्मामीटर शोधत बसायचं नाही. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की मेंदू, यकृत, किडन्या यांना इजा व्हायला लागते, आणि ती किती होणार हे शरीर किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं. म्हणून पहिलं काम माणसाला गार करणं. एकाने 108 ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी पाणी ओतायला लागायचं. दारात गाडी उभी असली तरी आधी अंग भिजवा, मग गाडीत घाला. कोरड्या अंगाने 22 किलोमीटर नेलेला पेशंट दवाखान्यात पोचतो तेव्हा आपल्या हातातली वेळ संपलेली असते.

कसं गार करायचं ते नीट लक्षात ठेव. सावलीत न्यायचं. कपडे काढायचे किंवा सैल करायचे. बाईमाणूस असेल तर चार बायकांनी पातळाचा आडोसा धरायचा, पण लाजेपायी वेळ घालवायचा नाही. डोक्यापासून पायापर्यंत बादलीने पाणी ओतायचं आणि सुपाने, पुठ्ठ्याने, हाताला येईल त्याने जोरात वारा घालायचा. माठ झिरपून गार होतो तसंच अंग ओलं आणि वारा चालू असला की गार होतं, आपल्याकडची हवा कोरडी असल्याने हे फार लवकर होतं. नुसती ओली पट्टी कपाळावर ठेवून काही होत नाही, ती तापाची सवय आहे. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. नाही मिळाला तरी विहिरीचं, बोअरचं, रांजणातलं पाणी पुरतं. छतावरच्या काळ्या टाकीतलं मात्र नको, दुपारी ते चटका देतं. तरणाताठा गडी काम करता करता पडला असेल आणि जवळ हौद असेल तर हौदात बसवा, पण दोघांनी धरून आणि डोकं पाण्याबाहेर ठेवून. शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला किंवा थंडीने कुडकुडायला लागला की पाणी थांबवा. गाडीतही खिडक्या उघड्या ठेवून अंग ओलं करत न्या.

शुद्ध नसेल तर तोंडात थेंबभरही पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. एका कुशीवर वळवून ठेवा. तापाची गोळी देऊ नका. हा ताप जंतूंमुळे चढलेला नसतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने उतरत नाही, उलट तापलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. कांदा जेवणात खा, चांगला असतो, पण तळपायाला चोळण्यात जी दहा मिनिटं जातात ती पाणी ओतण्यात गेली पाहिजेत. "एक सलाईन लावून बघू" म्हणून गावातल्या गावात थांबणंही तसंच. आणि एक गैरसमज फार पसरलाय, घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडते हे खरं, पण राबणाऱ्या माणसाला घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. कातडी बघून नाही, बोलणं बघून ठरवायचं.

त्याच्या आधीची पायरी असते तिथेच पकडलं तर एवढी धावपळ लागत नाही. पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं ठणकतं, चक्कर, मळमळ, अंगातलं त्राण जातं, पण बोलणं ताळ्यावर असतं. अशा वेळी काम तिथेच बंद, सावली, अंग ओलं, आणि थोडं थोडं ओआरएसचं पाणी किंवा मीठ घातलेलं ताक. अर्ध्या-पाऊण तासात उतार पडला नाही किंवा उलट्या थांबेनात तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा वावरात पाठवू नका.

ओआरएसची पुडी आशाताईंकडे मिळते, एक पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याहून जास्त मीठ नाही. दुकानातली ओआरएस नावाची गोड पाकिटं घेऊ नकोस. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव लावायला बंदी केली. तरी घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाच.

आता मामंजींच्या गोळ्या. लघवीच्या गोळीने शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं, वर घामानेही तेच जातं. बीपीच्या काही गोळ्यांनी उन्हात बीपी फार उतरून चक्कर येते. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, डोक्याच्या आजारावरच्या काही औषधांनीही. पण घरच्या घरी एकही गोळी बंद करायची नाही, मी बीपीची गोळी सोडून लकवा झालेले पेशंट पाहिले आहेत. या आठवड्यातच त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात ने, बीपी मोजून घे आणि डॉक्टरांना सरळ सांग की हे दुपारपर्यंत वावरात असतात, गोळी तीच ठेवायची का, वेळ बदलायची का, ताकात मीठ किती चालेल. त्याच फेरीत विचारून ठेव की उष्माघात कक्ष जवळ कुठल्या दवाखान्यात उघडलाय. ऐन वेळी चुकीच्या दवाखान्यात जाऊन परत फिरणं परवडत नाही.


धुऱ्यावरचा कास्तकार

सिस्टरताईनं दवाखान्याचं सांगतलं, मी वावराचं सांगतो. आर्वीकडचा आहो मी, संत्र्याचा बगीचा आन् थोडी पऱ्हाटी.

ताई, तुमचे मामंजी अकरा वाजता बैल सोडतात ना, मंग त्याहीले तेच धरून बोला. बैलाले, रेड्याले दुपारी 12 ते 3 जुंपू नये असा केंद्र सरकारचा 1965 चा नियम आहे, जिथं पारा 37 च्या वर जाते तिथं. आपल्याकडं मार्चपासूनच जाते. नियम ठाऊक नसला तरी आपले बुढे ते पाळत आले, बैलाची जीभ भाईर आली की त्याहीचा जीव कळवळते. तुम्ही सून आहा, तुम्ही बोलू नोका. तुमच्या मालकाले सांगा, बाबाजवळ बसून शांतपणानं म्हणा लागते, "बाबा, बैल ज्या निंबाखाली बसते तिथंच तुमीबी बसत जा." माणसाले "तुम्ही म्हातारे झाले" म्हटलं की तो मुद्दाम उन्हात जाते. बैलाचं म्हटलं की ऐकते. आमच्याकडं माझ्या मोठ्या बाबांले असंच वळवलं.

कामाची वेळ पाहटे पाच ते दहा, सव्वादहा. मंग सरळ साडेचार-पाचनंतर. लोकं बारा ते तीनच जपतात, पण आपल्याकडं पारा सगळ्यात वर जाते तो तीन-चारच्या टायमाले. आन् पेपरात 45 लिहून येते तो सावलीत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा राहते. काळ्या मातीच्या वावरात, वरून ऊन आन् खालून वाफ, तिथं आंगाले त्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. 45 गाठलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणते, 47 ले तीव्र लाट. लाटेचा इशारा आला त्या दिवशी काडीकचरा वेचायचं काम करायचंच नाही, ते काम काही पळून जात नाही. पेरणीले अजून वेळ आहे, आपल्याकडं पाऊस बऱ्याच वर्षी जूनच्या मध्यालेच येते.

पाणी तहान लागायची वाट पाहून पिऊ नोका. आपल्याकडं घाम येते तसाच सुकते, सदऱ्यावर फकत मिठाचे पांढरे पट्टे दिसते. माणसाले वाटते घामच नाही आला. मी मजुराले दर पंधरा-वीस मिनिटानं पेलाभर पाणी द्या लावतो, मंग कोणाले तहान असो का नसो. कॅनीले ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, नाहीतर पाणी चहावानी तापते आन् कोणी पित नाही. मामंजीची कॅन अर्धी परत येते याचं कारण तेच असन, पाहून घ्या. लघवी गडद पिवळी झाली की समजा पाणी कमी पडलं. डोक्शाले पांढरा दुपट्टा, कानावरून घट्ट. पूर्ण बाहीचा सुती सदरा. उघड्या आंगानं काम करणं सोडा म्हणा.

अजून एक. पुण्या-मुंबईची पोट्टी लग्नासाठी गावात येते आन् दुसऱ्याच दिवशी वावरात नाहीतर मांडवाच्या कामाले लागते. आंगाले ऊन सोसायची सवय व्हाले आठवडा-दोन आठवडे लागते. पहिले चार दिवस त्याहीले हलकं काम द्या, तेबी सकाळचं. एप्रिलच्या पहिल्या लाटेत धडधाकट गडी पडते तो याच कारणानं.

एकटं वावरात राहू देऊ नोका, ही सगळ्यात मोठी गोष्ट. ऊन लागलेल्या माणसाले सोताले कळतच नाही का आपलं डोस्कं फिरून राह्यलं. शेजारच्या धुरकऱ्याले सांगून ठेवा, दहा वाजता एक हाक मारत जा म्हणा.


लाईनवाला, दारव्हा

टिनाचं आणि कूलरचं मी सांगतो, वायरिंगचंच काम करतो.

टिन लवकर तापतं आणि सूर्य बुडाला की लवकर निवतंही. स्लॅबचं उलटं, ते मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतं. त्यामुळे तुमच्या घरात रात्रीचा त्रास कमी, दुपारचा भयंकर. दुपारी टिनाखाली बसण्यापेक्षा निंबाच्या, वडाच्या दाट सावलीत बाज टाकून बसणं खरंच बरं. म्हाताऱ्या माणसाला आणि लेकराला "घरात बस, उन्हात नको" म्हणून टिनाखाली कोंडलं तर तिथेच ऊन लागतं. शाळा, समाजमंदिर, जुनं मातीचं घर, गावात जे थंड असेल तिथे बारा ते पाच न्या.

टिनाच्या वर फूटभर अंतर ठेवून बांबूवर हिरवी शेडनेट बांधा. अंतर महत्त्वाचं, मधून वारा वाहिला पाहिजे, टिनाला चिकटवलेल्या नेटचा फार उपयोग नाही. टिनाला वरून पांढरा ऑइलपेंट मारला तरी फरक पडतो. चुना स्लॅबवर चांगला टिकतो, टिनावरून पोपडे निघतात. तुराट्या, कुटार वर टाकणारे खूप आहेत, पण एक ठिणगी पडली तर घर जातं, आणि विंचू-साप येतात ते वेगळंच. आतून खाली तट्ट्यांचं किंवा जुन्या पातळांचं छत बांधलं तरी डोक्यावरची धग कमी होते.

कूलरचं कळकळीने सांगतो, कारण दर उन्हाळ्यात आपल्या भागात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान लेकरं असतात. लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर तीन पिनांचाच प्लग आणि घराला खरी अर्थिंग पाहिजे. बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेची वायर बोर्डात नुसती लोंबत असते, तपासून घ्या. पाणी भरताना, टाकीत हात घालताना, गवत बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी हात लावायचा नाही. लेकराचा हात पोचणार नाही असा स्टँडवर, खिडकीबाहेर ठेवा. मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. लाईन गळती झाली की ते क्षणात तोडतं. माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात मी ते बसवायला भाग पाडतो.

समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवल्याशिवाय कूलर चालवू नका, आतली ओल बाहेर गेली नाही तर घाम सुकत नाही. म्हणूनच जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की कूलरने नुसता चिकचिकाट होतो. तेव्हा पारा 40 च असला तरी तो मे महिन्याच्या 44 पेक्षा जास्त त्रास देतो, आणि लोक मात्र उन्हाळा संपला म्हणून गाफील राहतात. लाईन नसताना अंगावर ओला पंचा आणि हातपंखा.


घाटंजीकडची सून

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री यांनी बैलांचा विषय काढला. मामंजी काही बोलले नाहीत, पण आज साडेदहाला घरी आले. कॅनला ओलं गोणपाट बांधून दिलं होतं, ती रिकामी आली. पाणी तापत होतं म्हणूनच पीत नव्हते, हे मला कधी सुचलंच नसतं.

सिस्टर, दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंना शुगर आहे, त्यांना ओआरएस, पन्हं चालेल का? आणि लेकीचं काय? आम्ही सध्या सगळे अंगणात झोपतो, तिला खाली चटईवर घालते.


उपकेंद्रातली सिस्टर

आधी लेकीला चटईवरून उचल. उन्हाळ्यात मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्या माणसालाच चावते, दंश दुखतही नाही. बाजेवर झोपव, मच्छरदाणी लाव आणि तिच्या कडा गादीखाली खोच.

लेकरं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात आणि त्यांना सांगता येत नाही. दर तासा-दीड तासाला पाणी, ताक, भाताची पेज, वरणाचं पाणी थोडं थोडं दे, अंगावर पीत असेल तर तेही चालू ठेव. शेजारी कुणाचं सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला वरचं पाणी नाही, आईचं दूधच जास्त वेळा. दुपारी दोनदा साध्या पाण्याने अंग पूस, घामोळ्यावर पावडर थापू नकोस, सुती झबलं किंवा नुसती चड्डी पुरे. सहा तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, लेकरू निपचित पडून राहतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच वेळी दवाखान्यात ने. मोटरीत, टेम्पोच्या केबिनमध्ये दोन मिनिटांसाठीसुद्धा एकटं ठेवायचं नाही, काच थोडी उघडी असली तरी नाही.

सासूबाईंना रोजच्यासाठी पाणी आणि बिनसाखरेचं ताक. पन्हं गुळाचं असतं, कधी तरी अर्धा पेला, रोज नाही. पण जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागून गळून गेल्या तर पुडीचं ओआरएस द्यायला घाबरू नकोस, त्यात साखर लिटरला साडेतेरा ग्रॅमच असते. तेव्हा शुगर मोजून घे. इन्सुलिन घेत असतील तर ते टिनाखालच्या कपाटात ठेवू नका, उष्णतेने त्याची ताकद जाते. फ्रिज नसेल तर छोटं मडकं मोठ्या मडक्यात ठेवून मध्ये ओली वाळू भर, आतल्या मडक्यात इन्सुलिन डबीत बंद करून ठेव आणि वाळू रोज दोनदा ओली कर.

शेजारच्या काकू परत आल्या असतील तर त्यांना आणखी काही आठवडे उन्हापासून जपायला सांग. एकदा उष्माघात झालेलं शरीर पुढचं ऊन लवकर सोसत नाही. पुढची लग्नं संध्याकाळची असतील तरच जायचं म्हणावं, आणि उघड्या टेम्पोतून नाही.

आरोग्य केंद्रात जाताना मामंजींच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ने. नावं तोंडी सांगण्यात गफलत होते.